कलम तेरामधल्या तीन बंदुका

शस्त्र अधिनियम, १९५९ यातल्या कलम १३चं तिसरं पोटकलम छापील पानावर अर्ध्या पानाचंही नाही. विशेषण जवळजवळ नाहीच, उपमा तर नाहीच नाही. तरीही ते मला मोठ्या कसबाचं गद्य वाटतं. करमणूक, पिकाची राखण आणि जिवाचं रक्षण ही माणसाने बंदूक बाळगण्याची तीन कारणं त्या मजकुरात एकत्र येतात आणि प्रत्येक कारणाला स्वतःची बंदूक मिळते. वसई-विरारमध्ये बसून ते वाचताना तर त्याच्या मर्यादाही उलगडत जातात. म्हणून त्याचं हे सावकाश वाचन.

१९५९च्या मूळ मजकुराचा आशय थोडक्यात सांगतो. खंड (क) म्हणतो की तीन प्रसंगी परवाना प्राधिकारी परवाना देईल. भारतीय नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळ-शिकारीसाठी गुळगुळीत नळीची बंदूक हवी असेल आणि तिची नळी वीस इंचांहून आखूड नसेल, हा पहिला प्रसंग. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल, हा दुसरा. सरकारमान्य रायफल क्लबाच्या सभासदाला नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू-टू बोअरची रायफल किंवा एअर रायफल हवी असेल, हा तिसरा. मग खंड (ख) येतो. बाकी कुठलंही हत्यार असेल तर अर्जदाराकडे योग्य कारण आहे अशी प्राधिकाऱ्याची खात्री पटायला हवी.

ही रचनाच आधी पाहण्यासारखी आहे. पहिल्या खंडात कारण आणि हत्यार यांची जोडी मसुदाकारांनी आधीच जुळवून ठेवली आहे. जोडी जुळली की नागरिकाचं पारडं जड होतं आणि नकार द्यायचा तर अधिकाऱ्याला पुढच्या कलमातली कारणं शोधावी लागतात. दुसऱ्या खंडात पारडं फिरतं आणि पटवून देण्याची जबाबदारी नागरिकावर येते. अधिनियम डिसेंबर १९५९मध्ये संमत झाला आणि १ ऑक्टोबर १९६२पासून अमलात आला. त्याआधी व्हाइसरॉय लिटनच्या काळातला १८७८चा कायदा होता. हिंदी माणसाच्या हातात हत्यार म्हणजे राज्याला धोका, या भीतीतून तो जन्मला होता. ती भीती बाजूला सारून नव्या प्रजासत्ताकाने हे पोटकलम लिहिलं आणि नागरिकाकडे आधी शेतकरी, खेळाडू, घर सांभाळणारा माणूस म्हणून पाहिलं. मला त्याचं पहिलं अप्रूप याच गोष्टीचं वाटतं.

आता गुळगुळीत नळी. रायफलच्या नळीत आतून आट्या असतात. त्या गोळीला फिरकी देतात आणि फिरकीमुळे गोळी सरळ लांब जाते. बारा बोअरच्या नळीत आट्या नसतात, तिच्यातून छऱ्यांचा झुबका निघतो. बारा हा आकडाही जुन्या हिशेबातला आहे: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. मोजमापात हा व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास भरतो. आपल्याकडे बारा बोअरची काडतुसं पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून आली आहेत. १८६९पासूनच्या या कारखान्याच्या काडतुसांच्या पितळी बुडावर ‘केएफ’ ही अक्षरं आणि ‘शक्तिमान’ हे नाव ओळखीचं आहे. काडतूस उभं कापलं तर खाली बुडात टोपी, तिच्यावर दारू, मग डाट आणि सगळ्यात वर छरे. पाखरांसाठी चार किंवा सहा नंबरचे बारीक छरे, मोठ्या जनावरासाठी एलजी, एसजी असे जाड.

मसुदाकारांनी संरक्षणासाठी हीच बंदूक का निवडली असावी, याचं उत्तर मला अंतरात दिसतं. छरा किती लांब जातो याचा जुर्ने या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा एक ठोकताळा आहे. छऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि ऐंशीने गुणायचं, म्हणजे जास्तीत जास्त पल्ला मीटरमध्ये मिळतो. सहा नंबरचा छरा अडीच मिलिमीटरहून जरासा मोठा, म्हणून तो दोनशे मीटरच्या आसपास जमिनीवर येतो. एसजीचा छरा आठ मिलिमीटरच्या वर, तो साडेसहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. जवळ मात्र याच काडतुसाचा तडाखा भयंकर असतो. नळीच्या तोंडाशी त्याची ऊर्जा दोन हजार ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे अंगणापुरतं सामर्थ्य जबरदस्त, आणि अंगणापलीकडे ते झपाट्याने ओसरतं. घर राखणाऱ्या माणसाला जे हवं आणि शेजाऱ्याला जे परवडेल, ते या एका नळीत एकत्र आहे. वीस इंचांची अटही तशीच विचारी आहे. एवढी लांब नळी खिशात मावत नाही, सदऱ्याखाली लपत नाही. संरक्षणाचं हत्यार सगळ्यांना दिसेल असं असावं, हा संकेत मसुदाकारांनी एका मोजमापात बसवला आहे.

पॉइंट टू-टूचा उल्लेख मला या पोटकलमाचा सर्वांत देखणा भाग वाटतो. इथे मूळ कायदा एका विशिष्ट बोअरचं नाव घेत होता, आणि तेही फक्त नेमबाजीच्या सरावासाठी; २०१९च्या दुरुस्तीने ते नाव गेलं. अधिनियमाच्या कलम ३मध्येही तोवर हाच शब्दसमूह जवळपास तसाच परत येत होता. एका माणसाने किती बंदुका बाळगाव्यात यावर मर्यादा आहे. १९८३मध्ये ती तीन झाली, २०१९मध्ये दोन. पण नेमबाजीचा सराव करणाऱ्या क्लब-सभासदाला कायदा त्या मर्यादेतून वगळतो. सगळीकडे सावध असलेला कायदा खेळाडूपाशी हात मोकळा सोडतो.

हे काडतूस तळहातावर घेऊन पाहावं. टू-टू लाँग रायफल ही जात १८८७मध्ये अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीने आणली आणि तिचा आराखडा आजही तोच आहे. लांबी अडीच सेंटिमीटर. पितळी नळकांड्याला खाली बारीक कड, आणि दारू पेटवणारं मिश्रण त्या कडेच्या पोकळीत पसरलेलं. बंदुकीचा घोडा कडेवर टोला मारतो, कड चेपते आणि बार उडतो. चेपलेली कड परत वापरता येत नाही. शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची. सामन्याच्या काडतुसात दारू अशी मोजून भरतात की गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरवर राहावा. ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याखाली येताना गोळी डळमळते, आणि ५० मीटरवर ती डळमळ लक्ष्यावर उमटते. अधिक वेग हाताशी असताना तो नाकारणं, हे या काडतुसाचं शहाणपण. कसलेले नेमबाज तर एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जो लॉट मानवेल तोच सामन्यासाठी ठेवतात.

या शब्दसमूहात केवढं भरलेलं आहे, ते १ ऑगस्ट २०२४ला दिसलं. फ्रान्समधल्या शातोरू इथे पॅरिस ऑलिंपिकची ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी सुरू होती. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला स्वप्नील कुसाळे पात्रता फेरीत ५९० गुणांसह सातवा येऊन तिथे पोचला होता. गुडघ्यावर बसून मारलेल्या पंधरा गोळ्यांनंतर तो सहावा होता, गुण १५३.३. पालथं पडून मारलेल्या पंधरा गोळ्यांनंतर ३१०.१ गुणांसह पाचवा. मग उभं राहून मारायच्या गोळ्या. हा सगळ्यांत अवघड भाग, कारण रायफलला शरीराखेरीज कशाचाच आधार नसतो आणि दर श्वासाला ती हलते. उभ्याच्या पहिल्या दहा गोळ्या झाल्या तेव्हा तो ४११.६वर, तिसऱ्या जागी होता. इथून पुढे दर गोळीला एक जण बाहेर पडतो.

पुढच्या चार गोळ्या अशा: १०.५, ९.४, ९.९, १०.०. या आकड्यांचाही अर्थ लावता येतो. या लक्ष्यावर गुणाचा प्रत्येक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. १०.९ची गोळी अगदी केंद्राला लागून, १०.० केंद्रापासून आठ मिलिमीटरच्या आत. ९.४ची गोळी केंद्रापासून साधारण सव्वा सेंटिमीटर दूर पडली. पन्नास मीटरवरचा हा सव्वा सेंटिमीटर त्या क्षणी पदक घेऊन जाऊ शकला असता. त्यानंतर ९.९ आणि १०.० येतात, आणि हे दोन आकडे मला त्याच्या आधीच्या कितीतरी चांगल्या गोळ्यांहून मोठे वाटतात. घसरलेल्या गोळीनंतर त्याने श्वास पुन्हा जागेवर आणला, तो सगळा या दोन आकड्यांत आहे. एकूण ४५१.४, कांस्यपदक. चीनच्या लिउ युकुनला ४६३.६ गुणांवर सुवर्ण, युक्रेनच्या सेरही कुलिशला ४६१.३वर रौप्य. या प्रकारात भारताचं ते पहिलं ऑलिंपिक पदक, आणि १९५२मधल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं पहिलं वैयक्तिक पदक. स्वप्नीलच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः याच प्रकारात २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये उतरल्या होत्या. स्वप्नीलच्या आधी, २०१०मध्ये, म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने याच काडतुसाने ५० मीटर प्रोनचं जगज्जेतेपद मिळवलं होतं. नेमबाजीचा सराव हे दोन कोरडे शब्द. पण मसुदाकारांनी खेळाडूसाठी ते दार उघडं ठेवलं, म्हणून कांबळवाडीचा मुलगा शातोरूला उभा राहू शकला.

वसई-विरारच्या मुलामुलींसाठी या वाक्यातला दुसरा पर्याय, एअर रायफल, अधिक जवळचा आहे. साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमचा छरा, दारू नाहीच, लक्ष्य दहा मीटरवर, आणि तिथला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. २०१६च्या शस्त्र नियमांनी साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि वीस ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवान्यातूनही मोकळं केलं. एका मोठ्या खोलीत ही नेमबाजी होते. वसई रोडहून दिवा मार्गाने पनवेल गाठलं की तिथे सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे, आणि दक्षिणेला वरळीत महाराष्ट्र रायफल असोसिएशनचं मैदान. नगरपालिकेच्या काळापासून वाढत वाढत २००९मध्ये महापालिका झालेल्या आपल्या गावात अशी दहा मीटरची चांगली दालनं शाळाशाळांतून व्हावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता दुसऱ्या प्रसंगाकडे येतो. काडतुसांच्या या चर्चेत पिकाची बंदूक एकटीच अशी आहे की तिला काडतूसच नाही. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओततात, वर चिंधीचा बोळा घालून गजाने ठासतात, मग छरे, मग पुन्हा बोळा. मागच्या निपलवर टोपी बसवली की एक बार तयार. तो उडाला की सगळं पहिल्यापासून. वसईच्या मातीला ही जात नवी नाही. १७३९च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला, तेव्हा दोन्ही बाजूंच्या हातात ठासणीच्याच बंदुका होत्या. जे हत्यार कधी लढाईचं होतं ते दोनशे वीस वर्षांनी कायद्याने शेतकऱ्याला दिलं, कारण ते सर्वांत संथ होतं. इथे मला १८७८ची सावली दिसते. खेळाडूवर मसुदाकारांनी विश्वास टाकला, घर राखणाऱ्यावर टाकला. शेतकऱ्यावरही टाकला, पण एका वेळी एका बारापुरताच.

मात्र लगेच परंतुक येतं, आणि माझ्या मते या पोटकलमाचा आत्मा तिथे आहे. परिस्थिती पाहता ठासणीची बंदूक पिकाच्या राखणीला पुरेशी नाही अशी प्राधिकाऱ्याची खात्री झाली, तर तो गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देऊ शकतो. परंतुक कोकणात वाचलं की त्यातलं पाणी दिसतं. वसईतल्या तुंगारेश्वर डोंगराच्या पायथ्याला कामण, पारोळ, शिरसाडच्या बाजूला भात पोटरीत येतं तेव्हा परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो. रानडुकरं रात्री उतरतात, कळपाने. दारू ओली, टोपी ओली, आणि एक बार उडाला तरी दुसरा भरेपर्यंत कळप अर्धं वावर तुडवून जातो. दिल्लीत बसून लिहिणाऱ्या माणसाने ओल्या दारूचा विचार केला होता की नाही, सांगता येणार नाही. पण त्याने जागा सोडली, आणि त्या जागेत आपला पाऊस नीट बसतो.

त्याच १९५९ साली अमेरिकेत विंचेस्टरने टू-टू मॅग्नम हे काडतूस आणलं. पिकाला आणि कुरणाला उपद्रव देणारे ससे, खारी, कोल्हे शंभरेक मीटरवरून टिपायला ते काढलं होतं. २००२मध्ये हॉर्नडीने त्याचंच नळकांडं आवळून पॉइंट वन-सेव्हनची आणखी बारीक, आणखी वेगवान गोळी आणली. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने बारीक बोअरची रायफल हेच पिकाच्या राखणीचं नैसर्गिक हत्यार. आपलं मूळ पोटकलम नेमकं उलट सांगतं: बारीक बोअर मैदानावर, शेतात गुळगुळीत नळी. कागदावर अमेरिकन निवड सरस आहे. नेम अचूक, आवाज कमी, एक गोळी एक जनावर. पण साधी टू-टूची गोळीही हवेत तिरपी सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. तिथल्या कुरणात दीड किलोमीटरवर कुरणच असतं. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला, संतोष भुवनच्या डोंगरउतारावर किंवा वालीवच्या औद्योगिक गाळ्यांभोवती दीड किलोमीटरचं वर्तुळ काढून त्यातली घरं कुणी मोजावीत. आणि पश्चिमेला गास, भुईगाव, निर्मळच्या बागायतीत केळीच्या आणि सोनचाफ्याच्या वाड्यांना लागून माणसांची घरंच आहेत. तिथला खरा उपद्रवी प्राणी घूस, आणि घुशीला कुठल्याच बोअरचं काडतूस लागू पडत नाही. त्यामुळे या पोटकलमाने टू-टूला मैदानात ठेवलं आणि शेतात येऊ दिलं नाही, हा निर्णय वसईसारख्या दाट वस्तीत मला पूर्ण पटतो. मसुदाकारांनी १९५९मध्ये जो मोकळा तालुका पाहिला असेल, त्यापेक्षा आजच्या तालुक्याला तो जास्त लागू आहे.

एक हत्यार मात्र पोटकलमात नावाने कुठेच नाही, आणि शहरी भागात परवान्याची चर्चा निघाली की आधी तेच डोळ्यांपुढे येतं: पॉइंट थ्री-टूचं रिव्हॉल्व्हर. ते खंड (ख)मध्ये जातं, जिथे खात्री पटवावी लागते. थ्री-टू लाँग हे काडतूस १८९६चं. आपल्याकडे कानपूरच्या कारखान्याचं सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर त्यासाठीच बनतं, आणि २०१४च्या जानेवारीत कानपूरमधूनच स्त्रियांसाठी म्हणून पाचशे ग्रॅमचं ‘निर्भीक’ आलं, तेही थ्री-टूच. जगभर संरक्षणासाठी नऊ मिलिमीटर पसंत केलं जात असताना आपल्याकडे थ्री-टू का, याचं उत्तर काडतुसाच्या गुणांत सापडत नाही. नऊ मिलिमीटर हा सैन्य-पोलिसांचा, म्हणजे प्रतिबंधित बोअर. उरलेल्यात जे बसलं ते नागरिकाचं झालं. थ्री-टूच्या सव्वासहा ग्रॅमच्या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, म्हणजे रायफलमधून सुटलेल्या टू-टूच्या फार पुढे नाही. तेच काडतूस सपाट तोंडाची गोळी लावून २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेत वापरतात, आणि तिथे ते अतिशय गोड चालतं. लपवता येणारं, घाबरलेल्या हाताने पाच मीटरवरही चुकू शकणारं हे हत्यार कायद्याने ‘देईल’च्या रांगेत बसवलं नाही. मला यातही जाण दिसते. ज्या माणसाला खरोखर धोका आहे त्याला ते मिळावं, पण पटवून दिल्यानंतरच.

आता हे पोटकलम वसईत कुठे अडतं ते पाहू. १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचं कलम ३४ त्याच्या शेजारी ठेवून वाचावं लागतं. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन्यजीव विभागाकडे नोंद करायची आणि त्या परिघात नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय द्यायचा नाही, असं ते सांगतं. तुंगारेश्वर २००३मध्ये अभयारण्य झालं, क्षेत्र सुमारे ८५ चौरस किलोमीटर. नकाशावर त्याच्या कडेपासून दहा किलोमीटर मोजले की वसई रोड, नालासोपारा, विरार यांचा मोठा भाग आत येतो, आणि डोंगराकडची सगळी शेती तर येतेच. शिवाय बंदूक मिळाली म्हणून डुकरावर झाडता येत नाही. उभ्या पिकाला धोका आहे असं ठरवून मारण्याची परवानगी देणं हे पुन्हा वनविभागाच्या हाती, कलम ११खाली. म्हणजे कलम १३ने ज्याला ‘देईल’ म्हटलं, त्या पारोळच्या शेतकऱ्याला २०२०मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालयाचं दार, मुख्य वन्यजीव रक्षकांचं दार आणि मारण्याच्या परवानगीसाठी पुन्हा वनविभागाचं दार गाठावं लागतं. या दोन्ही कायद्यांची गरज मला मान्य आहे. तुंगारेश्वरचं रान राहिलंच पाहिजे, मुंबईच्या इतक्या जवळ ते टिकून आहे ही मोठी गोष्ट. पण दोन कायदे एकमेकांकडे न पाहता लिहिले गेले, आणि त्यांच्या सांध्यात उभा असलेला माणूस दोघांच्याही वाक्यात कर्ता म्हणून येत नाही.

परंतुकातला ‘पुरेशी नाही’ हा निकष दोन्ही कार्यालयांनी मिळून, एकाच पाहणीत, त्याच वावरात उभं राहून ठरवायला काय हरकत आहे? ठासणी पुरेल, बारा बोअर लागेल, की बंदूक नकोच आणि सौर कुंपणाला पैसे द्यावेत, हे कागदावरून कळत नाही. ते कळायला चिखलातले खूर, लोंब्या आलेलं भात आणि शेवटच्या घरापर्यंतचं अंतर पाहावं लागतं. ही पाहणी कापणीनंतर होऊन उपयोग नाही. डुकरं येतात सप्टेंबरच्या अखेरीला, तेव्हा ती ऑगस्टात व्हायला हवी.